लावणीच्या गुरूची खुर्ची कोणाची?

शहरोशहरी आज लावणीचे क्लास निघाले आहेत. पण ही कला जगवली कोणी? पवळाबाई हिवरगावकर महार, विठाबाई नारायणगावकर मांग, यमुनाबाई वाईकर कोल्हाटी. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर!

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासींना अपमानाचे जिणे सोडा, असे बजावले. जिणे सोडायचे म्हणजे अंगचे कसबही टाकायचे, असा अर्थ आम्ही काढत नाही. म्हणूनच आमची मागणी सरळ आहे. फडात घडलेल्या बाईला क्लासमध्ये, विद्यापीठात शिक्षिका म्हणून नेमा. पदवीच्या कागदासाठी तिला दारात अडवू नका. तिला दौलतजादा नको, दरमहा पगार आणि 'बाई' म्हणून मान हवा.