वऱ्हाड राहिलं, नवरी आली

“देखो जी, एकीच पत्थर है. दो नहीं, एकीच.”

हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये रिबेकासमोर उभं राहिलं की कुणी ना कुणी हे कुणाला तरी सांगत असतं. कधी गाइड, कधी दुसऱ्यांदा आलेला मेहुणा. त्या ‘एकीच’मधला ‘च’ आपला. मराठीतून दखनीत गेला आणि तिथेच राहिला. मला तो ऐकला की उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

दगड खरोखर एकच आहे. पांढरा संगमरवर, उभी बाई, मान किंचित खाली, डोक्यावरून चेहऱ्यावर ओढलेला झिरझिरीत पदर. पदराआड मिटत आलेल्या पापण्या दिसतात, नाकाची सरळ रेघ दिसते, ओठ दिसतात. गवळीगुड्याच्या माझ्या आत्यानं मला पहिल्यांदा इथे आणलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “ओला आहे गं पदर. वाळला की उडेल.” पुढे या पुतळ्यावर मी पुष्कळ वाचलं, पण इतकं नेमकं कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

ही बाई हैदराबादेत आली कशी, यात मराठी माणसाचा थोडा हात आहे. म्हणजे त्याच्या जमिनीचा. 1853 च्या मे महिन्यात निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. तहाच्या वेळी दिवाण होते सिराज-उल-मुल्क. तहानंतर थोड्याच दिवसांत ते वारले आणि त्यांची जागा चोविशीतल्या पुतण्याला मिळाली. हा पुतण्या म्हणजे मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. काकांच्या हातून गेलेलं वऱ्हाड परत आणायचं, हा त्यांनी ध्यास घेतला. अर्ज झाले, खलिते झाले, कलकत्त्याहून नकार आले. 1876 मध्ये ते थेट विलायतेला निघाले. मुंबईहून बोट, इटली, मग पॅरिस. पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून पाय मोडला, तरी तसेच लंडनला गेले. राणीची भेट झाली, ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली, मेजवान्या झडल्या. वऱ्हाडाचा विषय निघाला की सगळे हवापाण्याबद्दल बोलत.

लक्ष्मण देशपांड्यांच्या एकपात्री प्रयोगाचं नाव इथे आठवल्याशिवाय राहत नाही. वऱ्हाड लंडनला निघालं होतं हे खरंच; पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी त्याच वऱ्हाडासाठी निजामाचा दिवाण लंडन गाठून आला होता. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळचा तो कापसाचा मुलूख निजामाला कधीच परत मिळाला नाही. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिला, आणि तोवर सालारजंगांना जाऊनही एकोणीस वर्षं झाली होती. 1876 च्या त्या प्रवासात रोममध्ये सालारजंगांनी एक पुतळा मात्र विकत घेतला. नवरीचा. वऱ्हाड राहिलं ते राहिलंच, नवरी तेवढी घरी आली.

नवरीच ती, अगदी शब्दशः. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात अब्राहमचा नोकर इसहाकासाठी मुलगी बघायला जातो. विहिरीवर पाणी भरायला आलेली रिबेका त्याला पाणी देते आणि त्याच्या दहा उंटांनाही पाजते. उंट किती पाणी पितो हे ठाऊक असलेल्याला या मुलीच्या दंडातली ताकद लगेच कळेल. नोकर तिच्या नाकात नथ घालतो, हातात सोन्याच्या बांगड्या घालतो. हो, नथच; मूळ कथेत तो दागिना नाकातलाच आहे. मग लांबचा प्रवास, संध्याकाळची वेळ, शेतातून चालत येणारा इसहाक. हाच तो नवरा, असं कळताच रिबेका उंटावरून उतरते आणि बुरखा ओढून घेते.

शिल्पकाराने या सगळ्यातून शेवटचा क्षण उचलला. पाणी शेंदणारी, अनोळखी माणसाबरोबर परमुलुखात जायला एका शब्दात हो म्हणणारी मुलगी मागे राहिली; लाजणारी तेवढी घेतली. तिचा चेहराही तिच्या गावचा नाही. हारानकडची उन्हातली पोर बहुधा सावळी असणार. ही ग्रीक देवतेच्या नाकाची.

जोव्हानी मारिया बेंझोनी हा बेर्गामोजवळच्या साँगावाझ्झो गावचा, 1809 चा. रोममध्ये त्याची मोठी कार्यशाळा होती आणि रिबेका हा तिथला चालता माल होता. पुतळ्यासोबत सगळीकडे 1876 हे साल सांगतात, पण बेंझोनी 1873 मध्येच वारला होता. 1876 हे खरेदीचं साल म्हणायचं.

‘चालता माल’ म्हटलं की काही जणांना राग येतो. पण काम कसं चाले ते बघा. शिल्पकार आधी मातीत मूर्ती घडवी. आपल्याकडे गणपतीवाले शाडू घेतात, तसंच. तिच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरची प्रत. ही प्रत कार्यशाळेत कायमची उभी. हिच्यावरून संगमरवरी पुतळे कितीही निघत. त्यासाठी एक यंत्र होतं, आणि या गोष्टीचा खरा नायक मला तेच वाटतं. पितळेचा एक सांगाडा, त्याला सरकणारा हात आणि हाताच्या टोकाला सुई. प्लास्टरवरच्या तीन ठरलेल्या ठिकाणी सांगाडा टेकवायचा, सुई नाकाच्या शेंड्यापर्यंत सरकवायची, तिथे अडसर घट्ट करायचा. मग तोच सांगाडा उचलून दगडावरच्या तशाच तीन ठिकाणी टेकवायचा. सुई दगडात जिथवर जायला हवी तिथवर भोक पाडायचं. अशी शेकडो, कधी हजारो भोकं. मग कारागीर छिन्नी घेऊन भोकांच्या तळापर्यंत दगड उडवत येई. त्याला रिबेका कोण, इसहाक कोण हे माहीत असण्याची गरज नव्हती. त्याला खोली माहीत असली की झालं.

पदराची जादू सगळ्यात शेवटी येई, आणि ती यंत्राला जमत नसे. मुळात दगडात पदर आणि चेहरा असे दोन थर नसतातच. चेहरा पूर्ण कोरून त्यावर पदर चढवलाय असं वाटतं, ते डोळ्यांचं मानणं. खरं तर पदराचा एकच पृष्ठभाग आहे. नाकाचा कणा, भुवईचं हाड, हनुवटी, जिथे कापड अंगाला चिकटलेलं दाखवायचं तिथे तो उंच आणि गुळगुळीत. दोन उंचवट्यांमध्ये जिथे कापड सुटं, तिथे बारीक, कडक चुण्या. चुणी चेहऱ्यावरून आडवी जाते आणि गालाचा आकार तिच्याखालून तसाच चालू राहतो. आपला मेंदू लगेच दोन वस्तू मोजतो. बाकीचं काम संगमरवर करतो. उजेड त्याच्या वरच्यावर अडत नाही, थोडा आत शिरून पसरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. म्हणून हीच मूर्ती काळ्या बसाल्टात कोरली तर पदर पदर वाटणार नाही. वेरूळच्या कारागिरांनीही झिरझिरीत वस्त्र दाखवलं, पण त्यासाठी काठाची एक रेघ ओढून बाकीचं बघणाऱ्यावर सोडलं. मला तो मार्ग जास्त धीट वाटतो. इथे बघणाऱ्यावर काहीच सोडलेलं नाही.

ही करामत बेंझोनीची स्वतःची नव्हे. नेपल्सच्या सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये कोर्रादिनीची पदराआडची स्त्री 1752 ची, आणि सानमार्तीनोचा कफनाखालचा येशू 1753 चा. तिथल्या सरदाराने खऱ्या कापडाचा रसायनाने दगड केला, अशी वदंता आजही लोक सांगतात. राफाएल्ले माँतीची बुरख्यातली कुमारिका 1847 मध्ये इंग्लंडच्या एका ड्यूकने घेतली. बेंझोनीच्या काळापर्यंत पदर ही इटलीची निर्यातीची वस्तू झाली होती.

आणि गिऱ्हाइकांत अमेरिकन पुष्कळ. नवा पैसा, नवा देश, घरात ‘रोमहून आणलेलं’ काहीतरी हवंच. ते शिल्पकारांच्या कार्यशाळा बघत फिरत, प्लास्टरच्या प्रतींवर बोट ठेवून मागणी नोंदवत. रिबेकाच्या बहिणी म्हणूनच आज अमेरिकेत आहेत. अटलांटाच्या हाय म्युझियममध्ये एक, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डच्या बर्कशायर म्युझियममध्ये एक.

अमेरिकेला त्या काळी सुंदर बाई कशी हवी होती, हे आधीच एका दगडाने ठरवून टाकलं होतं. व्हरमाँटमध्ये जन्मलेला हायरम पॉवर्स फ्लॉरेन्सला राहत असे. 1844 मध्ये त्याने ‘ग्रीक स्लेव्ह’ पुरी केली. तुर्कांनी बाजारात विकायला उभी केलेली ख्रिस्ती मुलगी, हातात साखळी, अंगावर काही नाही. 1847 पासून पुतळा अमेरिकेत गावोगाव फिरला आणि लाखावर लोकांनी तिकीट काढून बघितला. काही गावांत बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. नागडी बाई बघायची कशी, हा प्रश्न धर्मगुरूंनी सोडवला. ती शीलाने झाकलेली आहे, असं त्यांनी लिहून दिलं. म्हणजे गोरी हवी, मान खाली हवी, लाज वाटत असलेली हवी. मग बघायला हरकत नाही. त्याच अमेरिकेत त्याच वेळी काळ्या बायकांचे लिलाव राजरोस चालू होते. 1851 मध्ये हा पुतळा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला गेला, तेव्हा ‘पंच’ साप्ताहिकाने चौथऱ्यावर साखळीतली काळी बाई उभी केलेलं चित्र छापलं. गुलामीतून पळून आलेले विल्यम वेल्स ब्राऊन ते चित्र घेऊन प्रदर्शनात गेले आणि त्यांनी ते त्या गोऱ्या पुतळ्याच्या शेजारी धरलं.

रिबेका याच घराण्यातली, फक्त कपडे घातलेली. दिवाणखान्यात ठेवायला सोयीची.

सालारजंग रोमला गेले त्या सुमारास तिथेच एडमोनिया लुइस नावाची अमेरिकन बाई काम करत होती. वडील काळे, आई ओजिब्वे वंशाची. दगड ती शक्यतो स्वतः फोडायची. कारागीर ठेवले तर लोक म्हणतील, काळ्या बाईला कुठलं येतंय, इटालियन गड्यांनीच केलं असेल; ही धास्ती. पॉवर्स, बेंझोनींना हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि त्यांच्याकडे तर गडी होतेच. 1876 मध्येच तिची ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात मांडली गेली. ही क्लिओपात्रा लाजत नाही, झाकत नाही. सिंहासनावर डोकं एका बाजूला कललेलं, हात लोंबता. मेलेली राणी मेलेलीच दिसते. काहींनी वाखाणलं, काहींना शिसारी आली. गिऱ्हाईक मिळालं नाही. पुतळा शिकागोला गेला, एका दारूच्या गुत्त्यात राहिला, मग एका जुगारवाल्याने तो आपल्या शर्यतीच्या घोडीच्या थडग्यावर बसवला, कारण घोडीचं नाव क्लिओपात्रा होतं. अनेक दशकं ती राणी उन्हापावसात घोडीची राखण करत बसली. आता ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे.

इकडे रिबेकाला एक दिवसही पाऊस लागला नाही. आधी सालारजंगांची दिवाण देवडी. नातू तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान. 1889 मध्ये पुण्यात जन्मलेले, अविवाहित, जगभरच्या वस्तू जमवण्यात आयुष्य घालवलेले. ते 1949 मध्ये गेले. 16 डिसेंबर 1951 ला देवडीतच नेहरूंच्या हस्ते म्युझियम उघडलं. 1968 मध्ये सगळा संसार मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आला.

याच म्युझियममध्ये दुसरी एक प्रसिद्ध बाई आहे. लाकडाच्या एकाच ओंडक्यात समोरून छाती काढलेला सैतान मेफिस्टोफेलिस, पाठीमागून हातात प्रार्थनेचं पुस्तक धरलेली, डोळे खाली घातलेली मार्गारेटा. मागे आरसा लावलाय. ती दिसते ती आरशातच. एक पदराआड, एक पुरुषाआड. लोक दोघींसमोर तोंडात बोट घालतात आणि सैतानाच्या दाढीवर जास्त बोलतात.

गंमत म्हणजे पदर कुठे आणि कुणासमोर काढायचा, याचा या शहराने रिबेकेपेक्षा जास्त विचार केला होता. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, कॅमेऱ्यामागे केनी-लेविक नावाच्या मॅडम. घरंदाज बायका पडद्याच्या गाडीतून यायच्या आणि आत येऊन पडदा बाजूला ठेवायच्या. फोटो कुणी बघायचा हे त्यांनी ठरवायचं; किंवा त्यांच्या नवऱ्याने, पैसे तोच देत असणार. पण त्या खोलीत तरी चेहरा महत्त्वाचा होता.

माझी भाची अटलांटाला असते. मागच्या हिवाळ्यात तिचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला: “मावशी, तुमची नवरी इकडे पण आहे!” खाली लगेच दुसरा मेसेज. दोघींचा चेहरा सेमच आहे का, तुझ्याकडचा क्लोजअप पाठव ना.

मी फोनमधले फोटो चाळले. सतरा निघाले. चुण्यांचे, काठाचे, खांद्यावरून उतरणाऱ्या घडीचे. आत्याचा ओला पदर, सतरा वेळा.