ओझे आणि दम : 'डार्क सोल्स'मधील लढाईचा हिशेब

टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये आणलेला 'डार्क सोल्स' हा व्हिडिओ गेम अवघड म्हणून जगभर गाजला आणि या अवघडपणाचे खापर बहुधा त्यातल्या अक्राळविक्राळ शत्रूंवर फोडले जाते. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सोपी किंवा कठीण पातळी निवडण्याची सोयच ठेवली नसल्यामुळे नवख्याला आणि मुरलेल्याला तेच शत्रू तितक्याच ताकदीचे भेटतात, हे खरे. तरीही नवखा खेळाडू पहिल्या काही तासांत ज्या कारणाने वारंवार मरतो, ते कारण बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या अंगावरच्या ओझ्यात आणि बटणे दाबण्याच्या घाईत सापडते.

हा खेळ 'ॲक्शन रोल-प्लेइंग' या प्रकारात मोडतो. म्हणजे पात्राची ताकद, चपळता, सहनशक्ती असे गुण आकड्यांत मोजले जातात आणि हळूहळू वाढवता येतात, पण प्रत्यक्ष वार मात्र खेळाडूला स्वतःच्या बोटांनी, नेमक्या क्षणी करावा लागतो. वाटेत सापडलेली शस्त्रे, चिलखते, अंगठ्या, औषधे यांच्या साठ्याला इन्व्हेंटरी म्हणतात. १९९६ च्या 'डायब्लो'त हा साठा चौकटींच्या जाळीत बसवावा लागे, त्यामुळे जागा संपली की काहीतरी टाकून देणे भाग पडे. फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच २००९ च्या 'डीमन्स सोल्स'मध्ये पोतडीतल्या वस्तूंचेही वजन धरले जाई. 'डार्क सोल्स'ने ही कटकट काढून टाकली. पोतडीत कितीही भरा, वजन मोजले जाते ते फक्त अंगावर चढवलेल्या आणि हातांत घेतलेल्या वस्तूंचे.

हे वजन पात्राच्या वहनक्षमतेशी ताडून पाहिले जाते आणि ती क्षमता म्हणजे ४० अधिक सहनशक्तीचा आकडा. अंगावरचे ओझे क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर पात्र चपळ कोलांटी घेते, ५० टक्क्यांपर्यंत कोलांटी मध्यम वेगाची होते आणि त्यापुढे ते धप्पकन जमिनीवर आदळून सावकाश उठते. सहनशक्ती १२ असलेल्या पात्राची क्षमता ५२ होते, म्हणजे चपळ कोलांटीसाठी त्याच्याकडे फक्त १३ चे वजन उरते. त्यातले १० 'झ्वायहँडर' या अजस्र तलवारीने आणि २ 'हीटर' नावाच्या साध्या ढालीने खाल्ले, तर कपड्यांसाठी १ शिल्लक राहतो. हॅव्हेल या योद्ध्याचे दगडी चिलखत पाहून भल्याभल्यांना मोह होतो, पण त्याचा पूर्ण संच ५० च्या आसपास भरतो, तेव्हा सुरुवातीच्या पात्राने तो चढवणे म्हणजे हलण्याची आशा सोडणे होय. त्याच हॅव्हेलला मारल्यावर मिळणारी अंगठी मात्र क्षमता निम्म्याने वाढवते, त्यामुळे वरच्या उदाहरणातली १३ ची मर्यादा एकदम १९.५ वर जाते. टक्केवारीच्या या पायऱ्या खेळात कुठेही ठळकपणे सांगितलेल्या नाहीत आणि अवघडपणाच्या नावाखाली हा दोष झाकता येत नाही.

शस्त्र निवडतानाही आकडे वाचावे लागतात. झ्वायहँडर पेलायला ताकद २४ लागते. पण शस्त्र दोन्ही हातांनी धरले की ताकद दीडपट धरली जात असल्याने १६ ताकदीचे पात्रही ती चालवू शकते, अर्थात ढालीचा आसरा सोडून. पुलावरच्या ड्रॅगनच्या शेपटीवर बाण मारत राहिल्यास मिळणारी 'ड्रेक' तलवार सुरुवातीला इतरांहून कितीतरी जड मार देते, परंतु पात्राचे गुण वाढले तरी तिचा मार वाढत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबलेला खेळाडू पुढच्या टप्प्यात तोंडघशी पडतो.

ओझ्याचा लढाईशी संबंध जुळतो तो दमामुळे. पडद्यावरची हिरवी पट्टी पात्राचा दम दाखवते आणि वार करणे, धावणे, कोलांटी घेणे, ढालीवर घाव झेलणे या सगळ्यांचा खर्च याच एका पट्टीतून होतो. ढाल उचलून धरली असताना दम सावकाश भरतो आणि ओझे ५० टक्क्यांपलीकडे गेले तर आणखी रेंगाळतो. म्हणून भारी चिलखत घालून सतत ढालीआड उभा राहणारा खेळाडू, सुरक्षित वाटत असला तरी, दिवाळखोरीकडेच सरकत असतो. पट्टी रिकामी असताना घाव बसला की ढाल बाजूला उडते आणि पुढचा वार थेट अंगावर येतो. दोन घावांच्या मधल्या फटीत ढाल खाली करून दम भरून घेणे, ही सवय लागली की अर्धी लढाई सोपी होते.

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर आर-१ ने हलका आणि आर-२ ने जोरकस वार होतो, एल-१ ने ढाल उचलली जाते, एल-२ ने शत्रूचा वार ऐनवेळी परतवता येतो, गोल बटणाने कोलांटी आणि ते दाबून ठेवल्यास धाव, तर उजवी स्टिक आत दाबल्यास नजर एकाच शत्रूवर खिळते. बटणे पाठ करायला फार वेळ लागत नाही. अडचण अशी की सुरू झालेला वार मध्येच थांबवता येत नाही. त्यातच वार चालू असताना दाबलेले बटण खेळ लक्षात ठेवतो आणि वार संपताच त्याची अंमलबजावणी करतो. घाबरून आर-१ तीनदा दाबणाऱ्याचे पात्र शत्रूने तलवार उगारलेली असतानाही उरलेला घाव घालायला पुढे सरकते आणि खेळाडू मात्र कंट्रोलर बिघडल्याची तक्रार करतो. ढालीआड दडलेल्या शत्रूला लाथ मारायची तर डावी स्टिक पुढे ढकलण्याचा आणि आर-१ चा क्षण एकच असावा लागतो; तो चुकला की लाथेऐवजी तलवार ढालीवर आपटते.

इन्व्हेंटरी उघडल्यावर हा खेळ थांबत नाही. यादीत औषध शोधत असताना समोरचा शत्रू चालतच येतो, म्हणून लागणाऱ्या वस्तू आधीच दिशाबटणांच्या कप्प्यांत लावून ठेवाव्या लागतात : डाव्या-उजव्या बटणांवर त्या त्या हातातली शस्त्रे, वर मंत्र, खाली औषधे. जखमा भरून काढणारी एस्टसची कुपी पिताना पात्र काही क्षण जवळजवळ जागीच खिळते, त्यामुळे ती कप्प्यात असली तरी शत्रूपासून अंतर राखल्याशिवाय उपयोगी पडत नाही. विसाव्याच्या शेकोटीपाशी कुपी पुन्हा भरते, पण त्याच वेळी मारलेले बहुतेक शत्रूही जिवंत होतात.

नव्याने खेळू पाहणाऱ्याने म्हणूनच फायरलिंक या सुरुवातीच्या ठिकाणच्या शेकोटीपाशी, जवळ कोणी शत्रू नसताना, एकेक शस्त्र हाती घेऊन त्याच्या वाराला किती वेळ आणि किती दम लागतो ते पाहावे, ओझे २५ टक्क्यांखाली आणावे आणि एस्टस पहिल्या कप्प्यात ठेवावे. शेजारच्या स्मशानात झ्वायहँडर पडलेली असते, परंतु तिथले सांगाडे नवख्याला टिकू देत नाहीत. पहिल्यांदा वरच्या गावाकडे जाणारी वाट धरावी.