यादी आणि पेटी

11 डिसेंबर 2024. दुपारी बारा ते एक या तासात पुण्यात ठिकठिकाणी माणसे हातातले काम बाजूला ठेवून पुस्तक उघडून बसली. पुणे पुस्तक महोत्सवाच्या तोंडावर योजलेल्या या उपक्रमाचे नाव होते ‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’. आपण काय वाचतो आहोत त्याचे छायाचित्र काढायचे आणि पाठवायचे. अशा गोष्टींची टिंगल करणे सोपे असते, आणि पुण्यात तर ती रीतच आहे. तरी मला हा प्रकार आवडला. दुसऱ्याच्या हातातल्या पुस्तकाचे नाव मान वाकडी करून वाचण्याची खोड ज्याला नाही, तो वाचक कसला? प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नाव कळले, मोह झाला, पण पुस्तक मिळणार कुठून?

मराठीत ‘सध्या काय वाचता?’ या प्रश्नाला रीतसर व्यासपीठ मिळाले ते ‘ललित’मध्ये. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी 1964 साली हे मासिक काढले. त्यातल्या ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या याद्यांची वाट पाहणारी एक पिढी होती. यादी हातात घेऊन दुकानात जाणारे होते, तसेच ‘हे काय निवडलंय!’ म्हणून भांडणारेही होते. पण ही देवघेव प्रामुख्याने दादर, गिरगाव आणि पुण्याच्या पेठांतली, म्हणजे जिथे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर होते तिथली. आडगावातल्या मास्तरांना यादी पोस्टाने मिळायची, पुस्तक नाही. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये ‘ग्रंथाली’ सुरू केली, तेव्हा तिला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटले, ते या अंतरामुळेच. सभासद आधी जमवायचे, पुस्तके सवलतीत द्यायची, ग्रंथयात्रा काढून ती गावोगाव न्यायची. ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि ‘उपरा’ 1980 मध्ये या मार्गाने वाचकांच्या हाती गेले. त्या दोन पुस्तकांवर जेवढे बोलले गेले, तेवढे कुठल्या यादीने बोलायला लावले असते असे मला वाटत नाही.

पुस्तके गावोगाव नेण्याच्या कल्पनेचे मूळ मात्र महाराष्ट्राबाहेर सापडते, मराठी राजाच्या गुजराती मुलखात. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि लगेच त्यांच्या लक्षात आले की शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर अक्षरे पुसली जातात. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, खेड्यापाड्यांत वाचनालये निघाली आणि त्यांच्या जोडीला फिरती ग्रंथालये आली. लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तके. वाचणाऱ्याला काही पडत नसे. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. गावात पेटी उतरली की मुदतीत ती वाचून काढायची, मग ती पुढच्या गावाला. ‘हे घे, चांगलं आहे’ एवढ्या चार शब्दांवर इथे काम भागायचे, कारण पुस्तक सांगणाऱ्याच्या हातातच असे.

शंभर वर्षांनी ही पेटी नाशिकला पुन्हा दिसली. 2009 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. पेटीत शंभर पुस्तके, तिच्याभोवती साधारण पस्तीस वाचकांचा गट, आणि चार महिन्यांनी दोन गटांनी पेट्या बदलायच्या. पैसे देणगीतून, कोणी वाढदिवसाला देते, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ. पेटी सोसायट्यांत गेली, तुरुंगात गेली, दुबईच्या मराठी घरांतही पोचली. पेटीतली पुस्तके आपण निवडलेली नसतात, आणि या योजनेची गंमत मला त्यातच दिसते. कादंबरीखेरीज काही न वाचणारी बाई शेजारणीच्या आग्रहाने प्रवासवर्णन उचलते. गट लहान असल्यामुळे आपण परत केलेले पुस्तक आता कुणाकडे आहे हेही ठाऊक असते, आणि जिन्यात गाठ पडली की विषय निघतोच.

भिलारचे पुस्तकांचे गाव (4 मे 2017) याच वाटेवरचे, फक्त तिथे पुस्तक जागेवर आणि माणूस फिरता. पर्यटन म्हणून उत्तम. त्याहून जास्त सांगण्यासारखे माझ्याकडे नाही.

आता कामगारांकडे येतो, कारण या साऱ्या आढाव्यांत ते नेहमी राहून जातात. हवानातल्या ‘एल फिगारो’ या सिगार कारखान्यात 1865 मध्ये एक वाचक बसू लागला. कामगार पाने वळत आणि तो मोठ्याने वाचे. त्याचा पगार कामगारांच्या वर्गणीतून होई. कोणते पुस्तक लावायचे ते सगळे मिळून ठरवत. ‘मॉन्टेक्रिस्टो’ या सिगारीचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले, यावरून त्या कानांची आवड कळते. आपल्याकडे कण्णूरच्या दिनेश बिडी सहकारी संस्थेत (स्थापना 1969) एकजण वर्तमानपत्र, पुस्तक वाचून दाखवी आणि त्याच्या वाटणीच्या बिड्या बाकीचे वळून देत. श्रावणात ‘हरिविजय’ लावणाऱ्या मराठी घराला हे नवे वाटू नये.

पण हे वळण्याच्या, विणण्याच्या कामात जमते, यंत्रांच्या गोंगाटात नाही. उदाहरणार्थ, जयपूरला सीकर रस्त्यावर रीकोचे, म्हणजे राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाचे, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. तिथे पत्ता सांगायचा तो रस्त्याच्या क्रमांकाने. जिथे लोखंड कापले जाते, तार ओढली जाते, तिथे शेजाऱ्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही. वाचून दाखवणारा अशा शेडमध्ये करणार काय? शहरात दर वर्षी साहित्याचा मोठा उत्सव भरतो, हे खरे. पाळी सोडून तिथे जाणार कोण? वसाहतीला नाव मिळाले आहे देवांच्या कारागिराचे. आपल्याकडे दसऱ्याच्या सणात हत्यारे आणि पोथ्या दोन्हींची पूजा होते, पण दुसऱ्या दिवशी दोन्ही आपापल्या घरी.

कामगारांच्या या शहरात पेटी भरायला स्वस्त पुस्तके नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. जयपूरच्याच बाईस गोदाम भागातल्या औद्योगिक वसाहतीतून बोधि प्रकाशनाच्या मायामृग यांनी ‘बोधि पुस्तक पर्व’ काढले: हिंदीतल्या नावाजलेल्या लेखकांची दहा पुस्तके, तेव्हा प्रत्येकी दहा रुपये, संच शंभराला. चहाच्या किमतीशी बरोबरी करणारी ही किंमत मुद्दाम ठरवलेली होती. असे दोन-तीन संच, एक कुलूप न लावलेली पेटी आणि ती टाइमकीपरच्या खोलीत ठेवू देणारा मालक, एवढ्यावर सीकर रस्त्यावर सुरुवात होऊ शकते. पुस्तके पातळ हवीत, अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीत निदान एक गोष्ट पुरी व्हावी अशी. नोंदवही नको, सही करायची म्हटले की माणूस बिचकतो. आणि हरवलेल्या पुस्तकाचा दंड तर मुळीच नको, कारण हरवलेले पुस्तक बहुधा कुणाच्या तरी पिशवीतून सीकरकडे किंवा बिहारकडच्या गाडीत चढलेले असते.