सावली एक, प्रश्न तीन
लेखांक ५ : फुफ्फुसातला कार्सिनॉइड ओळखताना

न्यूरोएण्डोक्राइन गाठी म्हणजे संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींपासून वाढणाऱ्या गाठी, हे मागच्या लेखात पाहिलं. २०१८ मध्ये इरफान खान यांनी आपल्या आजाराबद्दल सांगितलं तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. या गाठी फुफ्फुसातही होतात. त्यांतल्या संथ वाढणाऱ्या प्रकाराला कार्सिनॉइड म्हणतात.

समजा, भाईंदरच्या नवघर रोडवर राहणाऱ्या पस्तिशीतल्या बाईंना वर्षभर खोकला आहे. मधूनच थुंकीत रक्ताची रेघ दिसते, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते. कोणी दम्याचा पंप देतं, कोणी टीबी म्हणतं. आपल्याकडे टीबीची शंका आधी येणं रास्तच आहे आणि थुंकी तपासलीच पाहिजे. पण जंतू सापडत नाहीत, औषधांचा गुण येत नाही आणि न्यूमोनिया दर वेळी फुफ्फुसाच्या त्याच भागात होतो, तेव्हा श्वासनलिकेत काही अडथळा आहे का ते शोधायला हवं. कार्सिनॉइड तरुणांना आणि कधीही विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होतो.

गाठ छातीच्या मध्यभागी, हृदयाच्या सावलीआड असेल तर एक्स-रे स्वच्छही येऊ शकतो. कधी फक्त गाठीपलीकडचा, हवा न पोचल्याने मिटलेला भाग दिसतो. म्हणून पुढची पायरी सीटी स्कॅनची. शिरेतून काँट्रास्ट दिल्यावर रेखीव कडांची गोल गाठ बऱ्याचदा ठळक उजळते, कारण तिचा रक्तपुरवठा भरपूर असतो. काही गाठींत कॅल्शियमचे ठिपकेही असतात. बऱ्याचदा ही गाठ हिमनगासारखी असते: श्वासनलिकेत डोकावणारा भाग लहान, बाहेरचा मोठा. श्वासनलिकेत घातलेल्या दुर्बिणीला फक्त आतला भाग दिसतो, तर गाठीचा खरा आवाका सीटीत कळतो.

एक्स-रे विचारतो, सावली आहे का? सीटी विचारतो, कुठे आणि केवढी? तिसरा प्रश्न पेशींच्या स्वभावाचा, आणि त्यासाठी पेट स्कॅन. नेहमीच्या पेटमध्ये किरणोत्सारी साखर देतात. संथ कार्सिनॉइड साखर कमी घेतो, त्यामुळे तो फिका दिसू शकतो. उलट टीबीची गाठ झगझगीत उजळू शकते. म्हणून आपल्या भागात उजळलं म्हणजे कॅन्सर आणि फिकं म्हणजे निर्धास्त, असा हिशेब धरू नये.

इथे गॅलियम-६८ चा डोटाटेट स्कॅन उपयोगी पडतो. बहुतेक कार्सिनॉइडच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला धरणारे ग्राहक असतात. गॅलियम जोडलेलं डोटाटेट हे औषध शिरेतून दिलं की त्यांनाच जाऊन चिकटतं. इंजेक्शननंतर सुमारे तासाभराने चित्र घेतात. गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे वेळ पाळावीच लागते. चित्रात प्लीहा, मूत्रपिंडं, यकृत उजळलेली दिसतात. ते स्वाभाविक आहे, घाबरू नये. गाठ डोटाटेटवर फिकी आणि साखरेच्या पेटवर तेज असेल, तर ती अधिक आक्रमक असण्याची शंका येते. मात्र सुजेच्या जागाही कधी उजळतात, म्हणून शेवटचा शब्द बायोप्सीचा.

अशा किरणोत्सारी तपासण्यांत मुंबईचं स्थान मोठं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे आणि देशातला पहिला पेट स्कॅन २००२ मध्ये तिथेच सुरू झाला. टाटा मेमोरियल रुग्णालय त्याच आवारात. भाईंदरहून लोकलने प्रभादेवीला उतरलं की दोन्ही हाकेच्या अंतरावर.

जाताना जुन्या फिल्म आणि सीडी जरूर न्या, रद्दीत टाकू नका. चार वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत तीच सावली थोडी लहान दिसली, तर गाठ हळू वाढते आहे हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळतं. अशी गाठ एकाच जागी असेल तर शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता येते आणि रुग्ण पुढे अनेक वर्षं चांगलं आयुष्य जगू शकतो. त्यासाठीच तिला वेळेवर नाव मिळायला हवं.

पुढच्या आठवड्यात : पसरलेल्या गाठींवर ल्युटेशियम-१७७ चे उपचार.