वाघाची वाट आणि आपला महामार्ग

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस नागपूर-अमरावती महामार्गावर, बाजारगावजवळ, वाहनाची धडक बसून एक वाघ मरण पावला. बोर व्याघ्र प्रकल्पातील हा वाघ 'बाजीराव' ह्या नावाने पर्यटकांना परिचित होता. अशी बातमी वाचली की, 'जंगल सोडून वाघ रस्त्यावर आलाच कशाला?' असा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणाऱ्या त्याच्या जुन्या वाटेवर रस्ता आपण आणला आहे, हे आपण विसरतो.

वयात आलेल्या नर वाघाला आईचा प्रदेश सोडून स्वतःचे क्षेत्र शोधावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ विदर्भ आणि तेलंगणाचा मुलूख तुडवीत, सुमारे पाच महिन्यांत तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणूनच हा प्रवास आपल्याला कळला. ह्या वाटेत शेते, कालवे, वस्त्या आणि रस्ते होते. सर्वच वाघांचे दैव इतके बलवत्तर नसते.

रस्त्यामुळे होणारी हानी केवळ अपघाती मृत्यूंपुरती मर्यादित नाही. पावसाळ्यात बेडूक आणि रात्रीच्या वेळी तापलेल्या डांबरावर येणारे साप चाकांखाली चिरडले जातात. त्यांची कोठे नोंदही होत नाही. पण त्याहून खोल हानी डोळ्यांना दिसत नाही. वाहनांचा आवाज आणि दिव्यांचा झोत ह्यांना बिचकून अनेक प्राणी रस्ता ओलांडणेच टाळतात. मग एका सलग जंगलाची दोन बेटे होतात. अशा बेटांवर अडकलेल्या प्राण्यांना बाहेरचा जोडीदार मिळत नाही, जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहते आणि काही पिढ्यांनी तो वंश दुबळा होतो.

हा धोका टाळता येतो का? ह्याचे एक उत्तर नागपूरच्या उत्तरेस सापडते. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ नागपूर-सिवनी टप्प्यात पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या जंगलातून जातो. कान्हा, पेंच आणि नवेगाव-नागझिरा ह्या वनांदरम्यानची वाघांची येजा ह्याच पट्ट्यातून होते. महामार्ग चौपदरी करण्याचे ठरले तेव्हा पर्यावरणप्रेमींनी आक्षेप घेतले, छिंदवाड्यावरून जाणारा पर्यायी मार्गही सुचविला गेला, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचला. अखेर रस्ता तेथूनच झाला. मात्र महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी तो उचलून पुलांवर घेण्यात आला. ह्या पुलांची लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. वरून वाहने धावतात आणि खालून जंगलाची जमीन सलग राहते. आवाज व प्रकाश खाली पोहोचू नये म्हणून पुलांच्या कडेला अडसर उभारण्यात आले.

प्राणी ही वाट स्वीकारतील का, ही शंका रास्त होती. देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये पुलांखाली कॅमेरे लावून तिचे निरसन केले. मार्च ते डिसेंबर ह्या काळात १८ जातींचे वन्यप्राणी तेथे टिपले गेले. सर्वाधिक छायाचित्रे चितळांची होती. रानडुक्कर, नीलगाय, गवा, बिबट्या आणि रानकुत्रे हेही आढळले. किमान ११ वेगवेगळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा ह्या मार्गांचा वापर केला होता.

जगात इतरत्रही असाच अनुभव आहे. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाच्या दुतर्फा कुंपण घालून प्राण्यांसाठी माती व झाडे असलेले पूल आणि भुयारी मार्ग बांधण्यात आले. तेथील अपघात ८० टक्क्यांहून अधिक घटले. तामिळनाडूतील वालपराई येथे सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून एका झाडाला दुसरे झाड जोडणारे झुलते पूल टांगले आहेत. कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलात तर २००९ साली वेगळाच उपाय योजला गेला: रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद.

ह्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पूल कोठे हवा, हे अभियंत्याने नकाशावर ठरवायचे नसून प्राण्यांच्या पाऊलखुणांवरून ठरवायचे असते. रस्ता बांधून झाल्यावर केलेली डागडुजी महाग पडते आणि अपुरी ठरते. शिवाय पुलाच्या दोन्ही टोकांना जंगल शिल्लक राहिले नाही, तेथे हॉटेले आणि वसाहती उभ्या राहिल्या, तर कोट्यवधींचा पूल व्यर्थ जातो. म्हणून संवेदनशील वनातून रस्ता न नेणे हाच पहिला पर्याय असावा. पूल हा दुसरा.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात नेमका हाच विषय मांडला आहे. महामार्ग, कुंपणे व धरणे ह्यांमुळे अधिवास तुटतात आणि प्राण्यांचे स्थलांतर खुंटते, ह्याकडे त्यांनी लक्ष वेधले. प्राण्यांसाठी जोडमार्ग राखणे शक्य आहे, पण तेवढी दूरदृष्टी दाखविणारे देश मोजकेच, अशी खंतही व्यक्त केली.

वसईकरांसाठी हा विषय दूरच्या विदर्भाचा नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या तुंगारेश्वरच्या पायथ्याशी जातो आणि तेथे वाहनाच्या धडकेने बिबट्या मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पूल बांधणे शासनाच्या हाती आहे. पण वेग कमी करणे, प्रखर दिवे खाली करणे, रस्त्याकडेला खाद्यपदार्थ न फेकणे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी जंगलालगतच्या रस्त्यावरून रात्री जाताना ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल करू या. ज्याच्या वाटेवरून आपण जात आहोत, तो कदाचित कडेच्या अंधारात रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत उभा असेल.