पेवाच्या नावाने खाते

आज्ञापत्रातील साहुकारांच्या प्रकरणाकडे या आठवड्यात वळण्याचे मी कबूल केले होते. परंतु त्याचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य यांना आणखी सात दिवस तिष्ठत ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण लोकहितवादींच्या ‘लक्ष्मीज्ञान’ या पुस्तकावरील माझा मागील मजकूर वाचून सांगलीच्या एका वाचकांनी केलेली पृच्छा डोक्यातून जाता जात नाही. त्यांच्या आजोबांची गणपती पेठेत हळदीची अडत होती. ते लिहितात, “आपण सांगितलेल्या पुस्तकांपैकी एकही आजोबांनी कधी हाती धरले नसेल. त्यांच्या वह्या मात्र माळ्यावर पेटीभर पडून आहेत. त्यांची गणना आपण कशात करणार?”

उत्तर लिहीत बसण्यापेक्षा मी रविवारी सांगलीची गाडी धरली.

लाल कापडाच्या बांधणीची, लांबट, सुतळीने गुंडाळलेली वही. पहिल्या पानावर श्री, त्याखाली लक्ष्मीपूजनाच्या कुंकवाचा वाळून तपकिरी झालेला ठिपका. कागदावर छापील रेघ एकही नाही. पानाला घड्या घालून स्तंभ पाडलेले, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. अक्षर मोडी, आणि रुपयांच्या पुढे आण्यांच्या त्या आडव्या-उभ्या रेघा, ज्या 1957 च्या एप्रिलात दशमान नाणी आल्यावर हळूहळू निकामी झाल्या. कीर्द घडल्या क्रमाने चालते, म्हणून तिच्यात दिवस दिसतो. खतावणी नावानिशी चालते, म्हणून तिच्यात माणूस दिसतो.

आजोबांच्या खतावणीत शेतकऱ्यांच्या आणि पेढ्यांच्या नावांमध्ये एके ठिकाणी चक्क सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका पेवाचे खाते निघाले. पेव म्हणजे तेथील घट्ट मातीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असे भुयारी कोठार. त्यात हळद ओतून तोंड लिंपले की ती वर्षानुवर्षे कीड न लागता राहते, आणि उघडताना मात्र आतली कोंडलेली हवा जाऊ देऊन, कंदील सोडून तो विझत नाही ना हे पाहिल्याखेरीज हमाल खाली उतरत नाही. या पेवाच्या नावे पोती टाकली होती, जणू पेव हा एखादा ऋणकोच. आणि उघडल्या दिवशी जमेच्या बाजूस मूळ वजनाखाली निराळी ओळ होती : ‘वाढ’. गुळाच्या किंवा धान्याच्या खात्यात मी आजवर घटच पाहिलेली. पण पेवातील हळद ओल धरून वजनाला किंचित चढते, आणि ही चढ आपल्या खिशात न घालता वही लिहिणाऱ्या दिवाणजीने ती पेवाला जमा दिली होती.

1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या संन्याशाने आपल्या गणितग्रंथात जमाखर्चाचे प्रकरण घातले, आणि वहीचा आरंभ देवाच्या नावाने करावा असे त्यातही सांगितले आहे. हा ग्रंथ सांगलीच्या दिवाणजीने पाहिला असण्याचा संभव नाही. ‘लक्ष्मीज्ञान’ 1849 चे, म्हणजे लोकहितवादींच्या सव्विशीतले. संपत्ती कशी वाढते हे त्यात तळमळीने सांगितले आहे, परंतु ती वाढ कोणाच्या खाती मांडावी हा प्रश्न दुकानाच्या गादीवर बसल्यावाचून सुचत नाही. वाईजवळच्या मेणवलीतले फडणीसांचे दफ्तर आपण डोक्यावर घेतो, आणि ते योग्यच आहे. पण फडणीस तरी कोण? फर्दनवीस, हिशेब लिहिणारा! मग पेठेतल्या दिवाणजीचा रुमाल रद्दीच्या भावाने का जावा? म्हणून त्या वाचकांना माझे उत्तर असे, की आजोबांच्या वह्यांची गणना या लेखमालेत यापुढे पुस्तकांतच होईल.

2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून आतल्या हळदीचा नाश झाला. वहीतले ते पेव त्यांपैकी होते काय, हे घरात कोणास सांगता आले नाही.

‘वाढ’ या शब्दापुढे तीन ठिकाणी एक मोडी संक्षेप आहे, तो मला लागला नाही. जुन्या पेढीवर बसलेल्या कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. अमात्य आणि त्यांचे साहुकार पुढील आठवड्यात.