दोन अब्जांची हट्टी संख्या

2,14,74,83,647. वाचा बरं मोठ्याने! दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दम लागला ना? पण खरी गंमत पुढेच आहे. एवढी अवाढव्य संख्या, तरी 1 आणि ती स्वतः सोडून कुणालाच तिला निःशेष भागता येत नाही. म्हणजे ही चक्क मूळ संख्या!

ती तयार करणं मात्र सोपं. 2 चा 31 वा घात घ्या आणि 1 वजा करा. घात 2, 3, 5, 7 घेतले तर याच रीतीने 3, 7, 31, 127 मिळतात. सगळ्या मूळ! मग 11 वा घातही तसाच? छे! तिथे येतात 2047, म्हणजे 23 × 89. फसलो की नाही?

मग 31 व्या घातावर विश्वास कसा ठेवायचा? 1772 मध्ये लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने ती संख्या मूळच असल्याचं सिद्ध केलं. तेव्हा कॅल्क्युलेटर नव्हता आणि ऑयलरना जवळजवळ दिसतही नव्हतं! संख्येचे दोन अवयव पडले, तर त्यातला एक तरी तिच्या वर्गमुळाच्या आतच असतो. म्हणून 46,340 पर्यंतच तपासायचं. पण तेवढ्यातही पावणेपाच हजारांवर मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागत बसायचं?

ऑयलर असे दमणारे नव्हते. 23 आणि 89 पुन्हा पाहा. दोघांनाही 22 ने, म्हणजे 11 च्या दुपटीने भागा. बाकी 1! हा योगायोग नाही. घात मूळ संख्या असेल, तर हा नियमच आहे. त्याला आणखी धार लावून ऑयलरनी दाखवलं, की आपल्या संख्येला भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला 248 ने भागून 1 किंवा 63 च उरणार. झालं! शंभरसुद्धा उमेदवार उरले नाहीत. त्यातला पहिला 311. भागून बघा, बाकी 35 उरते. पुढचेही सगळे नापास!

हीच संख्या संगणकातही दडलेली आहे. संख्या 32 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 जागांत, लिहिली, तर त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो. उरलेल्या 31 जागी 1 भरले, की हीच संख्या होते. त्यापुढे मोजायला जागाच नाही. 2014 मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याच्या व्ह्यूजनी ही हद्द ओलांडली, तेव्हा यूट्यूबला मोजणीसाठी जास्त बिट वापरावे लागले. 1970 च्या आरंभापासून 32 बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रांची मोजणी 19 जानेवारी 2038 ला, भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी संपेल.

आता तुमची पाळी. 13 वा घात घेऊन 1 वजा केला की 8191. त्याचं वर्गमूळ 90 च्या थोडं पुढे, आणि 13 ची दुप्पट 26. म्हणून 27, 53 आणि 79 हेच उमेदवार. त्यात 27 मूळ नाहीच. राहिले दोन. घ्या वही-पेन्सिल, करा भागाकार आणि सांगा, 8191 मूळ आहे की नाही!